उजवी चाकं माझी

१८ मे, रविवार
कोडोलीच्या अलीकडं गाडी तापून बंद. घेऊन महिना झाला न्हाय. बॉनेटमधनं वाफ, मागच्या सीटवर आई, आणि मी बॉनेट उघडायचा खटका शोधतोय. सापडंना. आयुष्यातली पहिली गाडी, सेकंडहँड का असंना, आणि मालकाला बॉनेट उघडता येत न्हाय! एक ट्रॅक्टरवाला थांबला. "पावणं, निघताना पाणी बघितलं हुतं काय?" मी म्हटलं, कुठलं पाणी? तो हसला ते सोडा, आईपण हसली. "पाणीपुरवठ्यात नोकरी आणि गाडीत पाणी न्हाय."
पुढं बसलेली बायको, शैला, ती हसली न्हाय. घरात आल्यावर म्हणाली, "परत असं कुणाच्या तोंडाकडं बघत रस्त्यावर उभं ऱ्हायचं न्हाई. शिकायचं." शाळेत विज्ञान शिकवती, तिला सगळं शिकण्यासारखंच दिसतं.

२५ मे, रवि.
लोकं रविवारी रंकाळ्यावर जात्यात, आम्ही दारात जॅक लावून बसलोय. मोबाइलवर व्हिडिओ, हातात पाना. ऑइलची काडी बघायला आली. कूलंटचं कळलं. स्टेपनी चढवली, उतरवली, परत चढवली. पाठ मोडली पण लई भारी वाटलं.
शैला वर्गात शिकवल्यागत म्हणून दाखवती: "नट आधी हातानं. मग गाडी खाली. मग पान्यानं, समोरासमोरचे." मी म्हटलं, छडी आण आता.

२२ जून, रवि.
पाना एक, माणसं दोन. रोज भांडण. शेवटी वाटणी केली: उजवी चाकं माझी, डावी तिची. आई म्हणती, "भावाभावांत वाटण्या बघितल्यावत्या, नवराबायकोत पैल्यांदाच."
चहा घेऊन बाहेर आलो तर बाईसाहेब माझ्या चाकापाशी. "नुसतं बघत हुते." बघत न्हाय, तपासत हुती. पोरांच्या वह्या तपासल्यागत. चहाचा कप तिच्या हातात दिला. पण डोस्क्यात बसलं.

१० ऑगस्ट, रवि.
ऑइल स्वतः बदललं! नाद खुळा. शेजारचे काका त्यांच्या गाडीचा आवाज ऐकवायला आले. मला न्हाय, शैलाला हाक मारली. तिनं बॉनेटवर हात ठेवला, ऐकलं आणि पट्टा ढिला हाय म्हणाली. निघालाही तसाच. काका गल्लीभर सांगत सुटल्यात.
तिचा नवीन नियम: गाडी चालवताना फोन सायलेंटवर आणि कप्प्यात. आवाज फोनचा न्हाय, गाडीचा ऐकायचा म्हणं.
दुपारी आईनं सांगितलं, मी आवळलेल्या ऑइलच्या नटाखाली एक थेंब हुता. शैलानं परत आवळला, पुसला, मला सांगितलं न्हाय. म्हंजे कायम मागनं बघती! इचारलं तर म्हणाली, "थेंब हुता का न्हाई?" हुता. म्हणून तर जास्त राग.

२८ सप्टें., रवि.
ब्रेक दाबला की किंचाळतोय. पुढचे पॅड झिजल्यात. नवे आणले, दसऱ्याआधी बसवू.
आईचं एकच टुमणं, नेसरीला ने. मामा हंतरुणावर हाय. "ह्या वर्षी दादाच्या हातात सोनं द्यायचं. पुढच्या वर्षीचं काय सांगावं." शनिवारी जायचं ठरलं, मला सुट्टी हाय.

३० सप्टें., मंगळ.
लिहू नये असं झालं, तरी लिहितो.
ऑफिसातनं आल्यावर ब्रेकला बसलो. डावं तिचं, उजवं माझं. पॅड दोघांचेपण मस्त बसले. मी चाक चढवलं, जॅक सोडला, पान्याची वाट बघत उभा ऱ्हायलो. पाना तिच्याकडं. तिनं डावं चाक आवळलं आणि पाना मला द्यायचा सोडून स्वतःच माझ्या बाजूला आली. वाकली, आणि म्हणाली, "बघू, नीट केलंय का."
बास. एवढे दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. "माझ्या चाकाला हात लावायचा न्हाय! मी काय तुझ्या वर्गातला पोरगा न्हाय!" गल्लीत ऐकू गेलं असणार. काकांनी खिडकी लावून घेतली. शैलाचं तोंड एवढंएवढं झालं. पाना खाली ठेवला आणि आत गेली.
मी फडकं आपटलं आणि तिथनंच चौकात गेलो. भजी खाल्ली, गोड लागली न्हाईत. आलो तर दोघी जेवल्यावत्या, माझं ताट झाकलेलं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
आईनं देवापुढं हत्यारं मांडली. विळी, कात्री, माझे स्क्रू ड्रायव्हर, जॅक, चाकाचा पाना. कालच घासून धुऊन ठेवल्यावती. ह्या वर्षी पैल्यांदाच आमच्या घरात एवढी हत्यारं, आई लई खूश. हळद-कुंकू, झेंडू. "उद्या सोनं वाटून येईपतुर एकालाबी हात लावायचा न्हाय."
गाडीला हार घातला. शैलानं ओवाळलं. माझ्याकडं बघितलं न्हाय. मी पण कशाला बघू.

२ ऑक्टो., गुरु. दसरा. पंपावर
सणाला ड्युटी. पाणी सोडून झालं, दुपारपतुर काम न्हाय, म्हणून डब्याच्या पिशवीतनं वही काढली.
आत्ताच मोबाइल बघितला. शैलाचा मेसेज, मघाशीच आलेला. "मामांना जास्त वाटतंय. आईंना घेऊन नेसरीला निघाले." एवढंच. अबोला असला म्हणून काय फोन करू नये? मामाचं काय हुतंय कुणास ठाऊक. आई धीराची हाय, तरी.
गाडीची काळजी न्हाय. परवाच ब्रेक केले. डावं तिनं, उजवं मी. पॅड बसवले, चाक चढवलं, नट हातानं फिरवले, जॅक सोडला, मग

त्याच दिवशी, सांज, घरात
घरात एकटाच हाय. सगळं लिहून काढतो, न्हायतर डोस्कं फुटंल.
नट आवळलेच न्हाईत मी. पाना तिच्याकडं हुता, मी भांडून गेलतो, आलो तवर आईनं पाना पूजेला घेतलावता. नंतर डोक्यातनंच गेलं. आणि शैलानं मागनं बघितलं नसणार, कारण मीच नको म्हटलं. पंपावर लिहिता लिहिता हे कळलं आणि वही पिशवीत कोंबली.
फोन लावला. नुसता वाजतोय. कप्प्यात, सायलेंट. परत लावला. मामाच्या सुरेशला लावला, तो म्हणाला, "अजून आल्या न्हाईत की." जोडीदार शिंद्याला पंपावर उभा केला, घरात अडचण हाय म्हटलं आणि मोटरसायकल काढली.
घरी देवापुढं पाना. उचलला. त्याच्यावरचं फूल खाली पडलं, तसंच ऱ्हायलं. पाना शर्टात खोचला आणि हायवे धरला.
सगळ्या गाड्यांना हार. प्रत्येक पांढरी गाडी आपली वाटायची. एका पुलावर लोकं कठड्यावरनं खाली वाकून बघत हुती. तिथं थांबलो, बघितलं. खाली म्हशी धुवत हुते. देवा म्हटलं, आणि परत किक मारली. काय काय बोललो देवाला ते लिहिण्यासारखं न्हाय.
कागलच्या पुढं डाव्या अंगाला आमची गाडी. दोन्ही इंडिकेटर चालू. आई दगडावर बसलेली, मांडीत आपट्याची पानं. शैला उजव्या चाकापाशी उभी. दोघी उभ्या-बसल्या दिसल्या आणि मोटरसायकल स्टँडला लावायचं भानच ऱ्हायलं न्हाय, पडली आडवी.
"स्टेअरिंग थरथरायला लागलं," शैला म्हणाली. "मग टकटक. थांबवली. तुम्हाला फोन लावतीय मघाधरनं." माझ्या खिशात वाजत असणार, वाऱ्यात कळलं न्हाय.
वाकून बघितलं. चारातला एक नट गेलेला. तीन बोटानं फिरत हुते.
"अगं, हातानं तरी बसवायचे."
"तुमच्या चाकाला हात लावायचा न्हाई ना? म्हणून थांबलीय."
आवाज चढवला न्हाय. चढवला असता तर बरं झालं असतं.
आईनं पाना बघितला, कुंकू लागलेला. "पूजेतला उचललास, विल्या?" व्हय म्हटलं. "झालंय तरी काय?" मी तोंड उघडणार, एवढ्यात शैलाच म्हणाली, "रस्ता खराब हाय आई. हादऱ्यानं ढिले झाले नट." मला झाकलं तिनं. एवढं झाल्यावर! मी चाकाकडं तोंड करून डोळे पुसले.
नट आणायला माघारी कागलला. पंक्चरवाल्याच्या सगळ्या हत्यारांना हार. "पावणं, आज पान्याला हात न्हाय. नट पायजे तर त्या डब्यातनं हुडका." डबा उलथून एक जुळला. पैसं घेतलं न्हाईत. आपट्याचं पान हातात दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." मला त्याच्याकडं बघवलं न्हाय.
आलो आणि पाना शैलापुढं धरला. तिनं घेतला न्हाय. "तुमचं चाक. तुम्हीच आवळा." आवळले. समोरासमोरचे. "आता बघ की एकदा," म्हटलं.
"तुम्ही बघितलंय ना? बास." ती रस्त्याकडं तोंड करून उभी ऱ्हायली.
पाना गाडीत ठेवला आणि त्या गेल्या. मी मागनं, नजर त्या एका चाकावर. निपाणीत तिनं काच खाली करून हात केला, माघारी जावा. गेलो.
दिवेलागणीला सुरेशचा फोन. पोचल्या. मामाला बरं हाय. आज तिथंच ऱ्हातील.
फूल उचलून देवापुढं ठेवलं. पान्याची जागा मोकळीच हाय.

३ ऑक्टो., शुक्र.
आल्या. आई तृप्त. मामानं सोनं हातात घेतलं, कपाळाला लावलं, तेच सारखं सांगती.
शैलानं किल्ली खिळ्याला अडकवली. तिला म्हटलं, शिव्या तरी घाल. भांडी घासत हुती, तशीच म्हणाली, "आईंना मागं बसवून आख्खा रस्ता मी ते चाक ऐकत गेले. येतानापण."
मी चुकलो म्हटलं. दहादा म्हटलं असंल.
मग नळ बंद केला तिनं. "मला कळत हुतं बघायला पायजे. निघताना पाना मागायचा आईंना, एक मिनिटाचं काम. गाडीला वळसा घातला मी. तुमच्या बाजूला आले आणि मुद्दाम न्हाई वाकले. त्यांचं त्यांना बघू दे म्हटलं." तिनं ओले हात पुसले. "आई मागं बसल्यावत्या हो."
मी माझ्याच चुकीचं ओझं घेऊन बसलोवतो. तिच्याकडंपण असंल हे डोक्यातच आलं न्हाय. नळ परत चालू केला तिनं.

१२ ऑक्टो., रवि.
आठवडाभर गाडीला कुणी शिवलं न्हाय. हार वाळला. शैला बाजाराला बसनं जाती. काका इचारून गेले, गाडी विकताय काय?
काल सुरेशचा फोन. मामा आईची आठवण काढतोय, बोलणं कमी झालंय. आई सकाळपासनं पिशवी भरून बसलीय. "उद्या ने मला. गाडीनंच ने, बसनं माझं गुडघं जात्यात." शैला ऐकून आत गेली.
जॅक काढला. उजवं पुढचं चाक पूर्ण उतरवलं. पॅड बघितले, साफ केले. चाक चढवलं, नट हातानं, गाडी खाली, पान्यानं समोरासमोरचे. मागचंपण आवळून घेतलं. नीट झालंय, मला ठाऊक हाय. पण ठाऊक असून आता मला भागत न्हाय. तिच्या डाव्या चाकांना हात लावला न्हाय.
पाना पुसून बॉनेटवर ठेवलाय. त्याच्या शेजारीच वही ठेवून लिहितोय. किल्ली माझ्या खिशात. ती वाकून बघत न्हाय तवर गाडी हलणार न्हाय, आईनं कितीबी आरडाओरडा करू दे.
मघाशी मोठ्यांदा हाक मारली, गल्लीत ऐकू जाईल अशी. "शैला, माझं चाक तपासून जा!" काकांनी खिडकी उघडली. आत भांड्यांचा आवाज थांबलाय.
परत हाक मारतो.