शेजारची सीट

आये, विमान कंपनी बदलावी की नाही, हे मला तुला विचारायचं आहे. हसशील तू. पण या गोष्टीत तुझ्याशिवाय विचारावं असं दुसरं कोणी नाही.

मुरबाडच्या एमआयडीसीतली आमची कंपनी भातगिरणीची यंत्रं बनवते आणि ती बसवून द्यायला मी गावोगाव जाते, हे तुला ठाऊक आहे. कधी रायपूर, कधी गुवाहाटी, कधी हैदराबाद. इतकी वर्षं मी एकाच कंपनीच्या विमानाने फिरले. पॉइंट साठत गेले, सोनेरी कार्ड मिळालं, काउंटरवरची मुलं नावाने ओळखू लागली. त्याच पॉइंटांवर तुझं तिकीट काढलं होतं, रायपूरचं. तू किन्हवलीच्या बाजारातून नवं लुगडं आणलंस आणि विमानात चपला काढून सीटवर सरळ मांडी घातलीस. मी तुझा पट्टा लावायला धडपडत होते तर म्हणालीस, "एवढी शिकलीस नि एक पट्टा लावता येत नाय तुला?" विमान उचललं तसं माझं मनगट घट्ट धरलंस. "आपली खाचरं दिसतात का गो?"

"नाय आये, ढग हायत."

"मंग कशाला आणलंस मला खिडकीशी?" असं म्हणालीस, पण उतरेपर्यंत काचेवरून नजर काढली नाहीस. पुढच्या पावसाळ्यात तू तापाने गेलीस.

त्यानंतर माझ्या शेजारची खिडकी रिकामी राहू लागली. आधी लक्षात आलं नाही. विमान खच्चून भरलेलं असायचं, लोक जागेसाठी भांडत असायचे, आणि त्या सीटवर मात्र कोणी यायचं नाही. एकदा हैदराबादला जाताना हवाई सुंदरीने पाण्याचे दोन ग्लास ठेवले आणि हळूच विचारलं, "मावशींना चहा चालेल का?" मी वळून बघेपर्यंत तिचीच नजर गोंधळली. सॉरी म्हणून ती पुढे गेली. मी बसते तेव्हा त्या सीटचा पट्टा सुटा लोंबत असतो. उतरताना पाहावं तर लावलेला. मी घाबरले नाही, आये. सवय झाली. त्या सीटवर मी कधी पर्ससुद्धा ठेवली नाही.

आता मात्र जुन्या कंपनीने नियम बदलले. पॉइंटांना काही किंमत उरली नाही, सकाळचं विमान बंद झालं, रायपूरला जायचं तर मधे कुठेतरी चार-पाच तास ताटकळावं लागतं. दुसरी एक कंपनी म्हणते, तुमचं सोनेरी कार्ड आम्ही तसंच आमच्याकडे देतो. त्यांची विमानं नवी मुंबईहून सुटतात, मला ते जवळ पडतं. पोरं म्हणतात, "आई, यात विचार कसला करतेस?" म्हणून एकदा गेले त्यांच्या विमानाने. शेजारी एक जाडजूड व्यापारी येऊन बसला, त्याने पेपर उघडला, सीटच्या दोन्ही हातांवर कोपरं टाकली. मी गाढ झोपले. उतरले तेव्हा किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आपण उगाच मनाचे खेळ करत होतो, असंही वाटलं.

त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातला नाशिकचा इंजिनिअर जुन्या कंपनीच्या विमानाने रायपूरहून परतला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाला, "मॅडम, शेजारी तुमच्या भागातली एक म्हातारी होती. बोली अगदी तशीच. मांडी घालून बसलेली. मला सारखी विचारत होती."

"काय विचारत होती?"

"'माझी पोर कुठं बसली रे? बारकी हाय, दोन वेण्या घातल्यात.' मी म्हटलं, आजी, पुढे असेल. उतरताना गर्दीत दिसली नाही परत." त्याने भाकरी मोडली. "एवढ्या म्हातारीला एकटीला कसं सोडतात हो घरचे?"

मी माझा डबा झाकला. तुझ्याबद्दल मी त्याला कधीच काही सांगितलेलं नाही.

आज नव्या कंपनीला कार्डाबद्दल कळवायचा शेवटचा दिवस होता. मी कळवलं नाही. गुरुवारचं जुन्याच विमानाचं तिकीट काढलं आहे, मधल्या ताटकळण्यासकट. पोरांना सांगितलं, पॉइंट वाया जातील म्हणून. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला पत्ताही नाही. तू तिथे असशील याची मला भीती वाटत नाही, आये. माझे केस आता पार पांढरे झालेत, चष्मा लागलाय, गालही बसलेत. मी जाऊन शेजारी बसेन आणि तू माझ्याकडे वळून विचारशील, "बाय, माझी पोर पाहिलीस का गो कुठं?", याची भीती वाटते.