मयेच्या कॅसेटमधलं तेविसावं मिनिट

बाबा, गावोगावची गाणी टिपलेल्या तुझ्या कॅसेटी आता वाचनालयाकडे आहेत. त्यातला शब्दन्‌शब्द लिहून त्या सगळ्यांसाठी खुल्या करायच्या आहेत. आठवडाभर मी तुये गावच्या कारखान्यात सर्किटं तपासते आणि रविवारी हेडफोन लावून तुला लिहून काढते. तो आवाज माझ्या वडिलांचा आहे, हे वाचनालयात कोणाला सांगितलेलं नाही. नियम एकच: ऐकू येईल ते सगळं लिहायचं, ऐकू येत नाही ते काही लिहायचं नाही.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची, आपल्या मये गावातली ही कॅसेट. शेजारच्या काकीचं स्वयंपाकघर, विळीवर नारळ खवल्याचा आवाज, मध्येच तू माझ्यावर डाफरतोस, "चेडवा, वायरीक हात लावूं नाका." मी पाच वर्षांची असेन. तेविसाव्या मिनिटाला काकी म्हणते, "मशीन बंद कर आनी भायर बस. हें धालांच्या मांडावयलें, दादल्यांनी आयकूंक फावना. चेडवाक शिकयतां." धालो हा बायकांचा नाच, मांड ही त्याची पवित्र जागा; तिथलं गाणं पुरुषांनी ऐकायचं नसतं, ते ती मला शिकवणार होती. तू म्हणतोस, "केलें गो काकी." तुझी पावलं बाहेर जातात. बटणाचा आवाज येत नाही. ती गाते, अकरा कडवी. मला त्यातलं एकही आठवत नाही.

गाणं खुलं झालं तर तुझं खोटंही खुलं होणार होतं, आणि काकीचा शब्द मोडणार होता. मी मयेला गेले. काकी कधीच गेली. तिची सून भेटली. ऐकून ती हसत सुटली. दुसऱ्याच सकाळी तू बेकरीतले उंडे पाव घेऊन दारात उभा होतास म्हणे, आणि कोणी न विचारता कबूल झालास. काकी तुला फटकिरो, खोटारडा म्हणाली, चहा दिला, आणि ती जिवंत आहे तोवर कोणाला ऐकवायचं नाही असं बजावलं. मांडावरच्या बायकांना विचारून सुनेनं आठ दिवसांनी होकार कळवला. ते गाणं आता कोणालाच येत नाही, लिही, म्हणाली. "पूण बापायची फट सोडूं नाका गो."

तुझी फट, ते खोटं, मी सोडली नाही. पण ती सकाळ कॅसेटमध्ये नाही, म्हणून नियमाप्रमाणे तिला जागा नाही. वाचणाऱ्याला तू फक्त खोटं बोलताना भेटशील. ती सकाळ मी इथे लिहिली आहे, आणि हा कागद कुठे जायचा नाही.

प्रत्येक ओळ तीनदा ऐकून तपासायची असते. "केलें गो काकी" मी किती वेळा ऐकलं, ते नोंदवलेलं नाही.