कबर्ड म्हणजे कपांची फळी

मिस, सोमवार, ५ जुलै १९९९, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. आमगावच्या शाळेत मधल्या सुट्टीत माझा कप स्टाफरूमच्या कपाटातून निघून खिडकीत आला. मुख्याध्यापिका तुम्ही. मी नवीन बदलून आलेली, तुमचीच जुनी विद्यार्थिनी. माझ्या आडनावावरून तुम्हाला कधी पत्ता लागला नव्हता. शनिवारी सेवापुस्तकासाठी जातीचा दाखला मी स्वतःच तुमच्या हातात दिला. तोवर आठवडाभर तो कप आत, तुमच्या कपाला टेकून होता.

"माझा कप बाहेर काऊन?" मी शिपाईणबाईंना विचारलं. "मले नोका विचारू, मॅडम. मोठ्या मॅडमनं सांगतलन." गणिताचे सर हसले, "छोडो ना मॅडम, चाय तो वही है." तुम्ही हजेरीतून मान वर न करता म्हणालात, "अगं, कपाटात जागा नाही." कपाट उघडंच होतं. सात कप, आणि वरचा अख्खा खण रिकामा.

गोंदियाच्या कॉन्व्हेंटमध्ये माझ्या सातवीच्या वर्गात तुम्ही उभ्या आहात, हातात खडू. कबर्ड म्हणजे मुळात कपाट नव्हेच, तुम्ही सांगताय. बोर्ड म्हणजे फळी. इंग्रजांच्या घरी उघड्या फळीवर चांगले कप मांडायचे, आल्यागेल्याला दिसावेत म्हणून. दारं आणि कुलपं मागाहून आली, शब्द तोच राहिला. लिहिताना कप लिहायचा, बोलताना प गिळायचा. वर्गात तो मी एकटीनेच नीट गिळला, तेव्हा तुम्ही माझा गाल कुरवाळलात. दाखला वाचल्यावर तो हात धुतलात का, मिस?

तुम्ही असेपर्यंत मी खिडकीतल्या कपातच चहा प्यायले आणि पुढच्या तासाला पोरांना तुमचीच कबर्डची गोष्ट तुमच्याच शब्दांत सांगितली. तुम्हाला अर्धांगवायू झाला, तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा सगळा स्टाफ भेटायला गेला. मी गेले नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी येऊन पोटभर जेवले आणि इतकी गाढ झोपले, की दूधवाल्याला दार ठोठावावं लागलं.

आता मी निवृत्त आहे, पण मेमो कसा काढतात ते तुम्हीच शिकवलंत. तरी, गाल कुरवाळणारी बाई खरी की कप बाहेर काढणारी, याचा लेखी खुलासा येत्या शनिवारी सायंकाळी पाचच्या आत सादर करावा. जागा नव्हती, हे कारण ग्राह्य धरलं जाणार नाही.

हा मेमो पाठवायला पाकीट मात्र आणलेलं नाही. 'आठवत नाही' एवढंच लिहाल, याची मला भीती वाटते.