बोट न ओळखणारी काच

बाबा,

आपल्या गावच्या बुद्धविहाराचं दार तुम्ही बनवलंत तेव्हा मी आठवीत होते. सागवानाचं दार, दोन्ही बाजूंना सारखीच मूठ. बाहेरून ते ढकलायचं होतं, पण मूठ दिसली की जो तो ओढायचा. पौर्णिमेला बाया दोन्ही हातांत फुलांची ताटं घेऊन यायच्या आणि दाराशी अडून राहायच्या. मला वाटलं, आपण हुशारी करावी. निळ्या रंगानं दारावर मोठ्या अक्षरांत 'ढकला' असं लिहिलं आणि तुम्हाला सांगायला पळत आले. तुम्ही अंगणातल्या मांडवात फळीवर रंधा मारत होता. हात थांबला.

"काऊन वं, तुज्या आजीले वाचता येते का?"

"नाही."

"मंग तिनं काय करावं? दारावर लिहावं लागलं, म्हंजे दार करणाऱ्याचं चुकलं. माजं चुकलं."

मला रडू आलं, कारण शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्याच संध्याकाळी तुम्ही बाहेरची मूठ काढलीत आणि तिथे खांद्याच्या उंचीवर एक गुळगुळीत, सपाट फळी ठोकलीत. पुढच्या पौर्णिमेला आजी ताट सांभाळत, खांद्यानं दार लोटून, न थांबता आत गेली. तुम्ही तिकडे पाहिलंही नाहीत.

पुढे मी पुण्यात नोकरीला लागले. मोबाईलच्या स्क्रीनवर कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, हे ठरवायचं काम. तुम्ही विचारलंत, "म्हंजे दारंच करतेस ना?" मी हसून हो म्हटलं.

तुमच्याकडे तेव्हा बटणांचा जुना फोन होता. मधल्या पाचच्या आकड्यावर बारीक टिपका होता, त्यावरून तुम्ही न बघता बाकीचे आकडे चाचपायचात. दोनच्या आकड्यावर मी माझा नंबर लावून दिला होता. "दोन दाबून ठेवला का तू बोलतेस," असं मला कौतुकानं सांगायचात. मला मात्र त्या फोनची लाज वाटायची. मुलगी असलं काम करते आणि बापाच्या खिशात तो घासलेला डबा! एका सुट्टीत मी तुमच्यासाठी नवा टचचा फोन आणला आणि जुना बॅगेत घालून घेऊन गेले, म्हणजे तुम्हाला नव्याची सवय होईल.

आठवड्यानं तुम्ही शेजारच्या काकूंच्या फोनवरून बोललात. "पोरी, माजं बोट याले समजूनच नाही राहिलं." चाळीस वर्षं रंधा आणि पटाशी धरून तुमच्या बोटांची टोकं लाकडासारखी झाली होती. मला हे कळायला हवं होतं. माझं कामच ते होतं. पण मी घाईत होते. म्हटलं, "बोट जरा ओलं करा ना बाबा. होईल सवय." तुम्ही "बरं" म्हणालात. पुन्हा कधी तक्रार केली नाहीत.

मग मे महिना आला. आई तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेली. दुपारी काकू ताक द्यायला आल्या, तर तुम्ही मांडवात खांबाला टेकून बसलेले, घामानं भिजलेले, हातात फोन. त्या म्हणतात, तुम्ही काच शर्टाला पुसत होता आणि पुन्हा पुन्हा बोट घासत होता. "पोरीले लावून राहिलो, लागूनच नाही राहिला," एवढंच बोललात. काकू जीप आणायला धावल्या, पण ती देवरीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तुम्ही गेलात.

तेराव्या-चौदाव्या दिवशी मी तो फोन उघडला. त्या दिवशी माझ्या नावावर एकही कॉल गेलेला नव्हता. काचेवर भुशाचे आणि बोटाचे डाग होते, सगळे एकाच जागी, जिथे माझं नाव दिसतं तिथे. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा होता, फोन लागला असता तरी काही फरक पडला नसता. त्यांना जीव वाचण्याबद्दल म्हणायचं होतं. मला तुमचा आवाज ऐकू आला असता, बाबा.

आईला यातलं काहीच माहीत नाही. तिला वाचता येत नाही, आणि हे वाचून दाखवण्याची हिंमत माझ्यात नाही. तेव्हा हे पत्र माझ्याकडेच राहील. ऑफिसात नवी मुलं विचारतात, तुम्ही बटणं मोठी करायला एवढ्या का भांडता? मी सांगते, विदर्भात एक म्हातारे सुतार होते, त्यांचं बोट स्क्रीनला कळत नव्हतं. मुलं वहीत लिहून घेतात. ते माझे बाबा होते, असं मी अजून एकदाही म्हटलेलं नाही.