सात अक्षरांचा टबँका

केरविन,

मी लागोपाठ दोन पाळ्या करून उद्या सकाळीच येईन. पेलाव पातेल्यात आहे. गरम करताना पाण्याचा हबका मार, नाहीतर बुडाला लागेल. डॅडींची गोळी जेवणाआधी दे.

ते पुन्हा स्क्रॅबल मांडून बसतील. या वेळी मुकाट्याने खेळ, कालच्यासारखी हुज्जत नको. हातात तीन-तीन 'ए' आले की मी रडत बसते. त्यांनी त्यातूनच सातही सोंगट्या लावून 'टबँका' केला, आणि तू म्हणालास, "डॅडी, हे इंग्रजी नाही. डिक्शनरीत दाखवा!" टोरांटोची हवा चांगलीच लागलीय तुला. अरे, आपलं माणूस सोडून गेलं की अन्न गोड लागत नाही, झोप उडते, त्याला टबँका म्हणतात, हे त्रिनिदादमधलं शेंबडं पोरही सांगेल.

तुला वाटलं, त्यांना मम्मीची आठवण आली, म्हणून तू घाईघाईने नियम काढलास. तसं नव्हतं रे. शेवटची सोंगटी ठेवून ते माझ्याकडे बघत होते.

डेझमंड समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेलाय, असं मी तुम्हा दोघांना सांगितलंय. पण कामावर जाताना कोणता नवरा अख्खं कपाट रिकामं करून जातो?

डॅडींना काही विचारू नकोस, मलाही नको. फक्त कालचे गुण त्यांच्या नावावर मांड, सातही लावल्याचे वरचे पन्नास धरून.

शब्द बरोबर आहे.

मर्लीन