विझलेली काच अन् याडीची चांदी

यवतमाळ, १८ फेब्रु. १९६५
आजची काचही मेलेली. युरोपियम घातलेली काच जांभळ्या दिव्याखाली लाल पेटावी, ही बसली दगडावानी. कारण सापडलं अन् कपाळ बडवून घ्यावसं वाटलं. काचेत घालायचा टाकणखार मी लोखंडी खलात कुटत होतो. लोखंडाचा कण जरी गेला तरी काचेतला उजेड खाऊन टाकते. वर्गात पोरायले मीच शिकवतो हे.
कुपीत एकाच काचेपुरती युरोपियमची पूड उरली. माझे नागपूरचे गाइड सर २८ ले पाहायले येऊन राह्यले. उजेड दिसला नाही तं पीएच.डी.तून नाव कटलं. तांड्यातला पहिला कॉलेजचा मास्तर... जाऊ दे.

१९ फेब्रु.
सर मागं म्हणाले होते, "चिमूटभर चांदी घालून पाहा. जमली तर उजेड वाढेल, जास्त झाली तर मरेल." सिल्व्हर नायट्रेटची बाटली रिकामी. हेड म्हणतात, "नव्या बजेटमध्ये बघू." तोवर काय हात चोळत बसू?

२१, रविवार
तांड्यावर गेलतो, बाभुळगावकडे. याडी म्हणे, "काहून रे, तोंड असं वाळलं?" आईपाशी सगळं बोलून गेलो. काच, लोखंड, चांदी. ती उठली, पेटीतून चांदीच्या घुगऱ्या काढल्या. लग्न झालेल्या बाया केसात बांधतात त्या. बा गेला तवा उतरवल्या, रीतच तशी.
"डोक्यावर तं आता चढत नाही. एक घेऊन जा."
"याडी, वितळून जाईल. परत नाही येणार."
"मंग पेटीत ठेवून तुया बा परत येते का?"
लाज वाटली. तरी घेतली.

२३
अर्धी घुगरी तेजाबात टाकली. पाणी निळं झालं. म्हणजे चांदीत तांबं. सोनार मिसळतातच. तेही उजेड मारते, लोखंडासारखंच. मीठ घालून चांदी खाली बसवली, धुतली, पुन्हा धुतली. तांबं खरंच गेलं का, कोणाले विचारू.

२६
शेवटची पूड संपली. काच पिवळट आली, चांदी जास्त झाली वाटते. दिव्याखाली कडेले लाल काही. डोळे चोळून पाह्यलं, आहे. पुन्हा पाह्यलं, नाही. माह्या डोळ्यांवर मलेच भरोसा उरला नाही.

२७, शनिवार
याडी बाजाराले आलती. लॅबमध्ये नेलं, खिडक्या लावल्या. म्हटलं, "काही दिसते?"
ती दिव्याखालच्या काचेवर वाकली. मंग म्हणे, "हाय की. कडेले. पयसाच्या फुलावानी."
पळस. लाल. रंग मी तिले सांगितलाच नव्हता. की त्या रविवारी बोलता बोलता... आठवत नाही. विचारलं तं म्हणते, "आता मले काय ठाऊक, तू लय बोलला."
उद्या सकाळच्या मोटारीनं सर. अर्धी घुगरी खिशात आहे. पूड नाही.