आतली मापं

३ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मी ठीक आहे. विचारलेल्या गोष्टी क्रमाने सांगते. खोली तीन मीटर बाय अडीच, खिडकी एक, आणि खिडकीसमोर शहराची जुनी तटबंदी. ती इतकी जवळ आहे की दगडांतला चुना कुठे सुटलाय ते अंथरुणातून दिसतं. जेवण वेळेवर होतं. मामीला सांगा, वजन घटलेलं नाही. मी काट्यावर पाहिलं.

जुन्या इमारतींची डागडुजी शिकायला आले आणि मन बसलं ते एका नव्या इमारतीवर. तटाला लागून पूर्वी धान्याचं कोठार होतं. त्याची एक बाजू पडली. ती पुन्हा दगडात न बांधता तिथे सरळ काँक्रीटची पेटी ठेवली आहे, आणि आत आधुनिक चित्रांचं संग्रहालय आहे. प्लास्टर नाही, रंग नाही, साच्याच्या फळ्यांचे ठसे तसेच. तुम्ही म्हणाल, ठेकेदार काम अर्धवट टाकून पळाला. पण जुन्या आणि नव्या भिंतीत चार बोटं फट सोडली आहे, वरपासून खालपर्यंत. नवं जुन्याला कुठेही टेकत नाही. असं काम मी आधी पाहिलं नव्हतं. बाहेरची मापं सोबतच्या कागदावर आहेत. नेहमीप्रमाणे नकाशा काढा.

दुसरी गोष्ट. हे सत्र संपलं की अभ्यासक्रम सोडून परत यायचं ठरवलं आहे. पंधरा डिसेंबरपर्यंत अर्ज द्यावा लागतो. कारणं सात आहेत, ती मापांच्या कागदामागे लिहिली आहेत : विषयांची पुनरावृत्ती, प्रयोगशाळेतली जुनी यंत्रं, वगैरे. आईला हे तुम्ही सांगावं. तुमची ताई तुमचं ऐकते. माझ्याकडून कळलं तर आधी रडेल, मग कारणं विचारेल.

मामीस नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, कमी मात्र होऊ देऊ नये.

तुमची भाची


१७ ऑक्टोबर

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

सातही कारणं वाचली. कार्यालयीन टिपणीसारखी बिनचूक आहेत. एकावरही विश्वास बसला नाही.

बांधकाम खात्यात तीस वर्षं नकाशे काढले, त्याची खोड जात नाही. तिथे गेल्यापासून तू चार इमारती पाठवल्यास. चारही काढून टेबलावर मांडल्या, तर मामी म्हणते, आता ताटं काय डोक्यावर ठेवू? चारही इमारतींना बाहेर आहे, आत नाही. भिंतीची जाडी नाही, जिना नाही, छताची उंची नाही. म्हणजे भाचीबाई प्रदक्षिणा घालून घरी येतात. मामीचं म्हणणं असं की तू ती जागा बंद असतानाच जात असशील, कुणाशी बोलायला नको म्हणून. तिला नकाशा उलटा की सुलटा ते कळत नाही, पण माणसाच्या बाबतीत तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

ताईला सांगतो. अट एकच. त्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनाची आतली मापं पाठव : लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. कर्ण घेतल्याशिवाय खोली काटकोनात आहे की नाही ते कळत नाही, हे तुला मी शिकवायला नको. मापं टेपने घ्यायची. तुमच्या त्या लाल ठिपक्याच्या यंत्रावर माझा भरवसा नाही. मापं आली की त्याच संध्याकाळी ताईकडे जातो.

मामीचे आशीर्वाद, आणि निरोप : काट्यावर नको, आरशात बघ.

तुझा मामा


६ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीचा अंदाज बरोबर आहे. संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि मी सोमवारीच जात होते. या गुरुवारी आत गेले.

दालनात एकच चित्र आहे. पाच मीटर लांब, अडीच उंच, सगळं राखाडी. त्यात काहीही काढलेलं नाही. पहिली दहा मिनिटं कुणीतरी आपल्याला बनवतंय असं वाटलं. मग लक्षात आलं, त्या फटीतून उजेडाचा एकच पट्टा येतो आणि चित्रावरून सरकत जातो. तो जिथे पोचतो तिथे राखाडी राखाडी राहत नाही; कुठे निळसर होतो, कुठे मातकट. मी पावणेदोन तास बसले होते. घड्याळ पाहिलं म्हणून कळलं.

लांबी-रुंदी भिंतीच्या कडेने कशीबशी घेतली. कर्ण एकटीला जमेना. टेपच्या टोकावर दप्तर ठेवलं, तर ती तीनदा सुटून परत आली, आणि त्या काँक्रीटमध्ये आवाज असा घुमला की सगळे वळून बघायला लागले. राखण करणारी बाई आली. पन्नाशीची असावी. आता बाहेर काढणार, असं मी धरून चालले. तिने टोक उचललं आणि कोपऱ्यात गुडघा टेकून बसली. आकडा किती, हे तिला हवं होतं, म्हणून मला दालनाच्या पलीकडून ओरडून सांगावं लागलं. एक कर्ण सतरा चव्वेचाळीस, दुसरा सतरा सदतीस. सात सेंटीमीटरचा फरक. पुन्हा घेतले, तेच. तिने विचारलं, चूक कुणाची. मी सांगितलं, चूक नाही. जुनी भिंत मुळात तिरकी आहे, फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून नवीही तेवढीच तिरकी घेतली. ती म्हणाली, नऊ वर्षं मी इथे उभी आहे, मला कुणी सांगितलं नव्हतं.

या आठवड्यात मी कुणाशी बोलले ते एवढंच.

मापं जोडली आहेत. अट पूर्ण झाली. आईला सांगावं. एक विचारते : कर्णाला दोन माणसं लागतात, हे अट घालताना तुमच्या डोक्यात होतं का?

मामीस नमस्कार. लोभ असू द्यावा.

तुमची भाची


२० नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

होतं. नाहीतर नुसती उंची मागितली असती.

मापं दुपारी आली, संध्याकाळी ताईकडे गेलो. मामी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, पण शब्द दिला होता. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. रडली नाही. तुझी सात कारणं मी पुढे केली, तिने कागद हातात घेतला नाही. म्हणाली, यायचं तर ये म्हणावं, राहायचं तर राहा. पण खरं काय ते एकदा मला लिही म्हणावं. दुसऱ्या दिवशी तिने तुझी खोली झाडून घेतली. ते तू येणार म्हणून की हाताला काहीतरी काम हवं म्हणून, मला सांगता येणार नाही.

आता अर्ज तुझ्या हातात आहे. मी मध्ये नाही.

आमचा जीव तिकडे आहे, हे वेगळं लिहायला नकोच.

तुझा मामा


१७ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

परवा मुदत संपली. अर्ज दिला नाही.

रांगेत उभी होते, पुढे दोघे जण होते. अर्जात कारणासाठी एकच ओळ होती. सातांपैकी कुठलं लिहायचं ते ठरेना, कारण एकही खरं नव्हतं. खरं आहे ते असं : इथे मी फार एकटी आहे. हे आज आईला वेगळ्या पत्रात लिहिलं. तुम्ही ते बरं झालं असं समजू नका. अजून तसंच आहे. पण त्या ओळीवर ते लिहिलं आणि पुढचा रकाना भरायच्या आधी रांगेतून बाहेर आले. संग्रहालयाचा वरचा मजला मापायचा राहिला होता.

त्याची मापं सोबत आहेत. गुरुवारी गेले तेव्हा ती बाई नव्हती; दुसऱ्या इमारतीत बदली झाली म्हणे. तिच्या जागी आलेल्या माणसाला दार सोडता येत नाही. मग मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि वर येणाऱ्यांना विचारायला लागले, हे टोक जरा धराल का. पहिले दोघे न थांबता गेले. तिसऱ्याने धरलं.

लोभ राहू द्यावा, ही विनंती.

तुमची भाची